एका विधेयकाची अडवणूक

10 जुलै 2019 रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात एक विधेयक 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झाले. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते असा तो काळ, तरी दोन्हीकडच्या सदस्यांनी त्याला भरभरून मते दिली. विषय होता ग्रीन कार्डाचा. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार ग्रीन कार्डे देते. 1990 च्या कायद्याप्रमाणे त्यांतली कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला सर्वसाधारणपणे 7 टक्क्यांहून जास्त येत नाहीत, मग तो देश आइसलँड असो की भारत. पुण्या-नागपूरहून गेलेले कितीतरी इंजिनिअर त्यामुळे वर्षानुवर्षे रांगेत आहेत. तिकडे जन्मलेली मुले कॉलेजात जातात तरी आईवडिलांचा नंबर लागत नाही. ही देशनिहाय मर्यादा उठवावी, एवढेच त्या विधेयकाचे म्हणणे.

आपल्या लोकसभेत इतक्या मोठ्या फरकाने मंजूर झालेले विधेयक सहसा काही आठवड्यांत राजपत्रात छापून येते. हे विधेयक मात्र कायदा झालेच नाही. गंमत म्हणजे कोणत्याही मतदानात ते हरलेही नाही. कुठला घोटाळा नाही, कोणाची गद्दारी नाही. अमेरिकेची राज्यव्यवस्था जशी चालायला हवी तशीच चालली आणि विधेयक मेले. हे कसे झाले ते पाहत गेले की ती व्यवस्था बरीचशी उलगडते.

सुरुवातीलाच आपली एक सवय बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे लोकसभेत बहुमत आहे म्हणून पंतप्रधान हा पंतप्रधान असतो. सरकार आणि सभागृह एकाच निवडणुकीतून येतात आणि एकत्रच बुडतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक वेगळी, प्रतिनिधीगृहाची वेगळी, सिनेटची वेगळी, आणि तिघांचे घड्याळही वेगळे. प्रतिनिधीगृहाचे 435 सदस्य दर दोन वर्षांनी लोकांपुढे जातात, राष्ट्राध्यक्ष चार वर्षांनी. सिनेटरांची मुदत सहा वर्षे, पण शंभरही जण एकदम बदलत नाहीत. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश. म्हणजे 2024 च्या मतदाराचा राग सिनेटमध्ये पूर्ण पोचायला 2028 उजाडणार, तोवर तो राग उरला असला तर.

राष्ट्राध्यक्ष सभागृहाचा सदस्य नसतो, त्याचे मंत्रीही नसतात. 2009 मध्ये हिलरी क्लिंटन आणि 2025 मध्ये मार्को रुबिओ परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हा दोघांनाही आधी सिनेटचा राजीनामा द्यावा लागला. राष्ट्राध्यक्ष स्वतः विधेयक मांडू शकत नाही, त्यासाठी कोणातरी सदस्याला गाठावे लागते. तो सभागृह बरखास्त करू शकत नाही, आणि सभागृह त्याच्यावर अविश्वास ठराव आणू शकत नाही. महाभियोग आहे, पण दोषी ठरवायला सिनेटची दोन तृतीयांश मते लागतात. अँड्र्यू जॉन्सन 1868 मध्ये एका मताने वाचला. त्यानंतर बिल क्लिंटन आणि दोनदा ट्रम्प, तेही सुटले. निक्सनने 1974 मध्ये ती वेळ येण्याआधीच राजीनामा दिला. आजवर एकही राष्ट्राध्यक्ष या मार्गाने घरी गेलेला नाही.

आपण ही पद्धत का घेतली नाही, याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना दिले होते. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांना अमेरिका ऐकीव नव्हती. त्यांची मांडणी अशी : लोकशाहीतले सरकार स्थिरही हवे आणि जबाबदारही, पण दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था अजून सापडलेली नाही. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी जास्त. संसदीय पद्धतीत सरकारची झाडाझडती प्रश्नांतून, ठरावांतून रोज होते. अमेरिकेत ती मुख्यतः निवडणुकीला होते. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले.

आता आपले विधेयक प्रतिनिधीगृहातून निघून सिनेटमध्ये जाते, आणि तिथे पोचायचे तर फिलाडेल्फियाला थोडे थांबावे लागेल.

1787 च्या उन्हाळ्यात तिथे 55 प्रतिनिधी राज्यघटना लिहायला जमले. तेरा राज्यांपैकी ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नव्हते. बातमी बाहेर फुटू नये म्हणून ऐन उकाड्यात खिडक्या बंद ठेवून बैठका चालत. सगळ्यात मोठे भांडण जागांचे. व्हर्जिनियासारखी मोठी राज्ये म्हणत, लोकसंख्येप्रमाणे जागा द्या. डेलावेअरसारखी छोटी म्हणत, राज्य म्हणून आम्ही सगळे सारखे. 16 जुलैला तोडगा निघाला : एक सभागृह लोकसंख्येवर, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला समान मत. पाच राज्ये बाजूने, चार विरुद्ध, मॅसॅच्युसेट्सची मते दुभंगलेली. एवढ्या बारीक फरकाने झालेली ही तडजोड आज 50 राज्यांचा देश चालवते. 2020 च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या 5 लाख 77 हजार भरली, कॅलिफोर्नियाची 3 कोटी 95 लाख. सिनेटर दोघांचे दोन-दोन. राज्यसभेत महाराष्ट्राच्या 19 जागा आहेत आणि गोव्याची 1. सिनेटचा नियम लावला तर दोघांना सारख्याच मिळतील. हे बदलावे म्हटले तरी सोय नाही, कारण कोणत्याही राज्याचे सिनेटमधले समान मत त्याच्या संमतीवाचून काढून घेता येणार नाही, असे घटनेत लिहूनच ठेवले आहे. आपले वजन स्वतःहून कमी करून घ्यायला वायोमिंग कशाला तयार होईल?

त्याच उन्हाळ्यात दुसरी एक तडजोड झाली, तिचा उल्लेख टाळून पुढे जाणे बरोबर नाही. दक्षिणेतल्या राज्यांना गुलामांना मताचा हक्क द्यायचा नव्हता, पण जागा ठरवताना त्यांची डोकी मोजून हवी होती. ठरले असे की एका गुलामाला तीन पंचमांश माणूस धरायचे. त्या हिशेबाने दक्षिणेला प्रतिनिधीगृहात जास्त जागा मिळाल्या, आणि राष्ट्राध्यक्ष निवडतानाही जास्त मते. गुलामगिरी गेली ती यादवी युद्धानंतर, 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते या कामासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तीन पंचमांशाची पद्धत गेली. तिच्या शेजारी उभी राहिलेली राष्ट्राध्यक्ष निवडण्याची पद्धत मात्र अजून आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

सिनेटमध्ये नियमाने 51 मतांनी विधेयक मंजूर होते. पण मतदान घ्यायचे तर आधी चर्चा थांबली पाहिजे, आणि चर्चा थांबवायला 60 मते लागतात. राज्यघटनेत हे कुठेही नाही. सिनेटने स्वतःच्या कामकाजासाठी केलेला हा नियम आहे. 1917 पर्यंत तर बोलणाऱ्याला थांबवायचा उपायच नव्हता. 1957 मध्ये साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थरमंड काळ्या नागरिकांच्या हक्कांच्या विधेयकाविरुद्ध एकटे 24 तास 18 मिनिटे बोलत राहिले. विधेयक तरीही मंजूर झाले. त्यांचा विक्रम 2025 मध्ये मोडला तो कोरी बुकर या काळ्या सिनेटरने. आता बहुतेक वेळा बोलायचीही गरज पडत नाही. अडवणार असा निरोप दिला की पुरते, कारण 60 मते आणि सभागृहाचे कित्येक तास खर्च करायची बहुसंख्य पक्षाच्या नेत्याची तयारी नसते. नेमणुकांना आणि अर्थसंकल्पाशी जोडलेल्या काही विधेयकांना यातून सूट आहे, म्हणून हल्ली जमेल ते सगळे अर्थसंकल्पाच्याच पिशवीत कोंबायची खटपट चालते.

ग्रीन कार्डाच्या विधेयकाला कोणी एवढा वेळ देणार नव्हते. सिनेटमध्ये ते यूटाचे रिपब्लिकन माइक ली आणि कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट कमला हॅरिस यांनी पुढे आणले होते. ली यांनी जवळचा रस्ता धरला. सभागृहात उभे राहून सर्वसंमती मागायची. कोणी हरकत घेतली नाही तर विधेयक मंजूर. शंभरांतल्या एकाने जरी हरकत म्हटले की विषय तिथेच संपला. केंटकीचे रँड पॉल यांनी हरकत घेतली, त्यांना परदेशी परिचारिकांची काळजी होती. इलिनॉयचे डिक डर्बिन म्हणाले, एकूण ग्रीन कार्डे न वाढवता फक्त रांग बदलली तर बाकीच्या देशांतले लोक वर्षानुवर्षे मागे फेकले जातील. हा मुद्दा खोटा नव्हता. आपल्याकडच्या बातम्यांत डर्बिन खलनायक ठरले, पण फिलिपिन्सच्या वर्तमानपत्रात हीच गोष्ट उलटी छापता आली असती.

वाटाघाटी दीड वर्ष चालल्या, अटी वाढल्या, आणि 2 डिसेंबर 2020 रोजी सिनेटने विधेयक सर्वसंमतीने मंजूर केले. म्हणजे दोन्ही सभागृहांचा होकार मिळाला. पण होकार दोन वेगळ्या मजकुरांना होता. अमेरिकेत दोन्हीकडून शब्दन् शब्द सारखा मजकूर मंजूर व्हावा लागतो. आपल्या घटनेच्या कलम 108 मध्ये आहे तशी संयुक्त बैठक तिथे नाही. प्रतिनिधीगृहाने सिनेटचा मजकूर विचारात घेतलाच नाही. 3 जानेवारी 2021 च्या दुपारी जुन्या काँग्रेसची (दोन्ही सभागृहे मिळून काँग्रेस) मुदत संपली आणि हजारो प्रलंबित विधेयकांबरोबर हेही रद्द झाले. ते राष्ट्राध्यक्षाच्या टेबलापर्यंत गेलेच नाही. गेले असते तर तिथे नकाराधिकार होता, आणि तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागली असती.

काँग्रेसची गाडी अशी अडते, म्हणून राष्ट्राध्यक्ष आडवाट काढतात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांच्या जोडीदारांना नोकरीची मुभा मिळाली ती 2015 मध्ये, ओबामा सरकारच्या एका नियमाने. इथून इंजिनिअरिंग, एमबीए करून गेलेल्या आणि तिकडे घरात अडकून पडलेल्या कितीतरी बायकांना त्याने पुन्हा नोकरीत आणले. पण तो कायदा नव्हता, नियम होता. लगेच कोर्टात आव्हान मिळाले, आणि पुढच्या सरकारने तो काढून टाकायचे जाहीर केले. प्रत्यक्षात काढला नाही, पण दरवर्षी जीव टांगणीला. उलट सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांनी एका घोषणापत्राने नव्या एच-वन-बी अर्जांवर 1 लाख डॉलरचे शुल्क लावले. त्यासाठी काँग्रेसचे एकही मत लागले नाही. तेही कोर्टात गेले. एकाच्या सहीने आलेले दुसऱ्याच्या सहीने जाते, आणि मध्ये प्रत्येक वेळी न्यायाधीश बसलेले असतात.

सर्वोच्च न्यायालयात ते नऊ आहेत आणि तहहयात आहेत. संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवायचा अधिकार न्यायालयाला आहे, असे घटनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेले नाही; सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी 1803 मध्ये एका निकालात तो न्यायालयाचा म्हणून सांगितला, आणि तो टिकला. न्यायाधीश नेमायचा राष्ट्राध्यक्षाने, संमती द्यायची सिनेटने. इथे कॉलेजियम नाही, उघड राजकारण आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये एक जागा रिकामी झाली. ओबामांनी मेरिक गारलँड यांचे नाव दिले. निवडणुकीचे वर्ष आहे, लोकांना ठरवू द्या, असे म्हणून रिपब्लिकन सिनेटने सुनावणीसुद्धा घेतली नाही. सप्टेंबर 2020 मध्ये, निवडणूक दीड महिन्यावर असताना, दुसरी जागा रिकामी झाली. तेव्हा त्याच बहुमताने एमी कोनी बॅरेट यांना, नाव आल्यापासून महिन्याभरात, संमती दिली. नियम मोडला असे म्हणता येत नाही, कारण नियम नव्हताच.

आणि न्यायाधीश नेमणारी, त्यांना संमती देणारी ही माणसे निवडून येतात कशी? राष्ट्राध्यक्षाची निवडणूक एक नाहीच. 50 राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन अशा 51 निवडणुका एकाच मंगळवारी होतात. प्रत्येक राज्याला त्याचे प्रतिनिधी अधिक दोन सिनेटर एवढी निर्वाचक मते, राजधानीला तीन, एकूण 538, जिंकायला 270. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात जो पुढे त्याला तिथली सगळी मते. म्हणून कॅलिफोर्नियात लाखोंनी जिंकून उपयोग नसतो आणि पेन्सिल्व्हेनियात हजारोंनी जिंकले तर देश मिळतो. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभर 28 लाखांहून जास्त मते अधिक पडली आणि त्या हरल्या. 2000 मध्ये सगळा निकाल फ्लोरिडातल्या 537 मतांवर लटकला. मतपत्रिकेची रचना तिथे कौंटीगणिक वेगळी, मोजणीची पद्धतही तशीच, कारण आपल्यासारखा देशभरच्या निवडणुका घेणारा आयोगच नाही. केंद्रात निवडणूक आयोग नावाची संस्था आहे, पण ती प्रचाराच्या पैशावर लक्ष ठेवते. निवडणूक घेणे हे राज्यांचे आणि कौंट्यांचे काम.

माझ्या मते अमेरिकी राजकारण समजायला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपेक्षा प्राथमिक निवडणूक जास्त उपयोगी, आणि नेमकी तीच आपल्या बातम्यांत उरकली जाते. तिकीट द्यायला तिथे हायकमांड नाही. पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे मतदार मत देऊन ठरवतात. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिलेले श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीत हरले. 2022 मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसला उभे राहिले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या नऊ इच्छुकांत त्यांना 28 टक्के मते मिळाली आणि तेवढी पुरली. मतदारसंघ इतका डेमोक्रॅट की नोव्हेंबरची लढत नावापुरती होती. ना कोणाच्या बंगल्याबाहेर ताटकळणे, ना शेवटच्या रात्री येणारा एबी फॉर्म. स्वतःचा पैसा मात्र भरपूर ओतावा लागला.

याची दुसरी बाजू अशी की नेत्याचा धाक उरत नाही. पक्षांतरबंदी कायदा नाही, व्हिप मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. भीती असते ती आपल्याच पक्षाच्या सगळ्यात तापलेल्या मतदारांची, कारण प्राथमिक फेरीला मुख्यतः तेच येतात. जून 2013 मध्ये सिनेटने स्थलांतर कायद्यात मोठी सुधारणा 68 विरुद्ध 32 मतांनी मंजूर केली. प्रतिनिधीगृह चालढकल करत राहिले. पुढच्या जूनमध्ये तिथल्या बहुसंख्य रिपब्लिकन पक्षाचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियातल्या प्राथमिक फेरीत डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. स्थलांतरितांबद्दल कँटर मऊ आहेत, हा ब्रॅट यांचा मुख्य आरोप होता. सुधारणा मतदानाला आलीच नाही. ग्रीन कार्डाचे विधेयकही नवे नाव घेऊन डिसेंबर 2022 मध्ये प्रतिनिधीगृहात पुन्हा आले. बायडेन यांच्या व्हाइट हाउसने पाठिंबा जाहीर केला होता. मते भरत नाहीत असे दिसल्यावर नेतृत्वाने ते मतदानाआधीच मागे घेतले.

हीच अडवणूक खर्चाच्या विधेयकावर आली की सरकारी कचेऱ्यांना कुलूप लागते. आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते. तोवर मंजुरी नसेल तर अत्यावश्यक नसलेली कामे बंद. 2018-19 मध्ये 35 दिवस, 2025 मध्ये 43 दिवस. विमानांची वाहतूक सांभाळणारे नियंत्रक पगाराविना कामावर येत राहिले. आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प पडला तर सरकारच पडते, म्हणून तो पडत नाही.

तरी देश चालतो, कारण माणसाचा रोजचा संबंध वॉशिंग्टनशी कमीच येतो. शाळा, पोलीस, लग्न-घटस्फोट, गाडीचा परवाना, बहुतेक गुन्हे हे राज्यांचे विषय. प्रत्येक राज्याची स्वतःची घटना आणि स्वतःचे वरिष्ठ न्यायालय. न्यू जर्सीने 2007 मध्ये देहदंडाची शिक्षा रद्द केली, टेक्सासात ती आजही दिली जाते. देश मात्र एकच. राज्यांच्या खाली कौंट्या, नगरपालिका, शाळामंडळे अशा 90 हजारांहून जास्त स्थानिक संस्था आहेत. बऱ्याच ठिकाणी शेरीफपासून शाळामंडळाच्या सदस्यापर्यंत सगळे निवडून द्यायचे असते, त्यामुळे मतपत्रिका कधी कधी कित्येक पानांची होते.

ही घडण मुळातूनच बदलायची तर घटनादुरुस्ती हवी. दोन्ही सभागृहांची दोन तृतीयांश मते, आणि वर 50 पैकी 38 राज्यांची संमती. आपण पाऊणशे वर्षांत शंभरीपार गेलो. त्यांच्या सव्वादोनशेहून जास्त वर्षांत 27 झाल्या, आणि त्यांतल्या दहा अगदी सुरुवातीच्या हक्कनाम्याच्या. सत्ताविसावीची कथा विलक्षण आहे. खासदारांनी स्वतःचे वेतन बदलले तर तो बदल पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावा, अशी ही दुरुस्ती जेम्स मॅडिसन यांनी 1789 मध्ये मांडली. पुरेशी राज्ये मिळाली नाहीत आणि ती विस्मरणात गेली. 1982 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने निबंधात लिहिले की हिला मुदत घातलेलीच नाही, म्हणजे ती अजून जिवंत आहे. निबंधाला ‘सी’ श्रेणी मिळाली. वॉटसन चिडला आणि राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रे लिहीत सुटला. एकेक राज्य संमती देत गेले आणि मे 1992 मध्ये 203 वर्षे जुन्या कागदाची घटनादुरुस्ती झाली. विद्यापीठाने त्याची श्रेणी बदलून ‘ए’ केली ती 2017 मध्ये.